तारेखालचं घर

वासुदेवराव काळबांडे. हे नाव सर्वांत आधी लिहितो, कारण पुढे ज्यांची ज्यांची नावं येतील त्या सगळ्यांच्या आधी मी यांचं देणं लागतो. वरोऱ्याच्या स्टेशनावर ते रेल्वेमार्गाचे निरीक्षक होते आणि माझे वडील त्यांच्या हाताखाली गँगमन. पुढे त्यांची बदली लखनौला झाली. मी बारावी झालो त्या उन्हाळ्यात ते सुट्टीवर आले, आमच्या घरी आले, दारातल्या खाटेवर बसून चहा प्यायले आणि वडिलांना म्हणाले, "पोरगं मी घेऊन जातो. तिकडे इंजिनियर करतो याले." वडील उभेच होते. साहेबांसमोर ते कधी बसल्याचं मला आठवत नाही. आई आतून एवढंच म्हणाली, "त्याले तिखट लागते जेवणात." माझ्या सगळ्या पुढच्या आयुष्याचा निर्णय एवढ्या बोलण्यात झाला. गाडीत बसल्यावर मी काहीतरी विचारताना त्यांना 'साहेब' म्हणालो, तर ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "साहेब तुझ्या बापाचा. तुझा काका."

आलमबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी त्यांच्या घरच्या माणसासारखा वाढलो. काकूंनी मला आणि विवेकला, म्हणजे त्यांच्या मुलाला, एकाच परातीतल्या पिठाच्या पोळ्या आणि एकाच तोंडानं बोलणी खायला घातली. विवेक माझ्याहून थोडा मोठा. त्याला मराठी सगळी समजायची, पण उत्तर हिंदीतच यायचं. काकू म्हणायच्या, "विवेक, मारोतीले चादर दे," आणि तो म्हणायचा, "दे तो दी, अब क्या ओढ़ा भी दूँ?" रविवारी गोळाभात व्हायचा. भातावर बेसनाचे गोळे कुस्करून वरून लसणाच्या फोडणीचं तेल घालताना काकू दर रविवारी तेच म्हणायच्या की इथल्या तेलाला वास नाही, इथल्या लसणाला दम नाही आणि इथल्या माणसांना तिखटाची अक्कल नाही. मग दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या. हिवाळ्यात शेजारच्या तिवारीणबाई मटाराची तेहरी, म्हणजे तिकडचा मसालेभात, पाठवायच्या, ती मात्र काकू मुकाट्यानं आणि आवडीनं खायच्या.

काकांची निवृत्ती जवळ आली तसं त्यांनी लखनौबाहेर बख्शी का तालाबकडे जमीन घेतली. तेव्हा तिकडे सगळी शेतीच होती, मधूनमधून हवाई दलाचं विमान डोक्यावरून जायचं, एवढाच काय तो शहराशी संबंध. जमीन स्वस्तात पडली होती, आणि का पडली होती ते मान वर केली की कळायचं. एक लाख बत्तीस हजार व्होल्टची लाइन त्या जागेवरून सरळ जात होती. अलीकडचा मनोरा एका शेतात, पलीकडचा दूर नाल्याच्या काठी, आणि दोघांच्या बरोबर मध्ये, जिथे तार सर्वांत खाली झुकते, तिथे काकांचं घर. माझ्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आम्ही तिथे राहायला गेलो. खाली तीन खोल्या झाल्या होत्या. वरचा मजला विवेकच्या लग्नासाठी राखून ठेवला होता. लग्न पुढच्या वर्षी थंडीत करायचं ठरलं होतं, आणि त्याआधी वर दोन खोल्या, एक न्हाणी आणि पुढे गच्ची एवढं काकांना उभं करायचं होतं. विवेक दिल्लीची नोकरी सोडून इथे येईल, सून घरात येईल, नातवंडं गच्चीवर खेळतील. काकू हे सगळं तयार असल्यासारखं बोलायच्या.

त्या घराचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. कोरड्या दिवसांत तो नसल्यासारखाच, एक बारीक गुणगुण, जी थोड्या वेळानं कानाला कळेनाशी व्हायची. पण थंडीत धुकं उतरलं की वरून तडतड सुरू व्हायची, कढईतलं शेवटचं पाणी आटताना होते तशी. काकू अंगणात भांडी घासता घासता वर बघून म्हणायच्या, "काय तळून राहिली बाप्पा ही?" पहिल्याच महिन्यात त्यांनी कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधली, ती नेमकी वरच्या लाइनला समांतर. ओला टॉवेल टाकायला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. "मले त् हात लावायची भीती वाटते," असं त्यांनी सांगितल्यावर काकांनी तारेचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधलं. झिणझिण्या बंद. "झालं?" काका हात झटकत म्हणाले. "वीज म्हणजे पाण्यासारखी. वाट करून दिली की जाते." उपाय अगदी बरोबर होता, पण त्या बरोबर असण्यानं काकांना वाटू लागलं की वरच्या तारेशी आपला हिशेब मिटला.

कॉलेजात त्या वर्षी आम्हाला विद्युतचुंबकीय क्षेत्रांचा विषय होता. शिकवणारे सर वयस्कर होते, मऊ आवाजाचे आणि कायम पान खाल्लेले. एकदा फळ्यावरची समीकरणं पुसून ते म्हणाले, "देखिए, आप लोग समझते हैं बिजली तार के अंदर चलती है। तार तो सिर्फ़ रास्ता बताती है। ऊर्जा चलती है तार के इर्द-गिर्द, हवा में।" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मी त्या हवेत राहत होतो. संध्याकाळी घरी येऊन मी एक ट्यूबलाइट काढली आणि छतावर जाऊन हातात उभी धरली. कुठेही न जोडलेली ती नळी माझ्या मुठीत फिकट निळसर उजळली. विवेक सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "वाह यार, बिल भी नहीं आएगा।" काकूंनी मात्र ते पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून खाली निघून गेल्या. त्यानंतर त्या छतावर एकट्या गेल्या नाहीत. पापड वाळवायलाही नाही.

आता मी लखनौच्याच इंदिरा नगरमध्ये राहतो. माझं सगळं नोकरीचं आयुष्य विजेच्या खात्यात, अशाच तारांखाली गेलं. नातू विचारतो, "दादाजी, आपको डर नहीं लगता था?" मी त्याला मराठीतून सांगतो की भीती वाटते म्हणूनच माणूस मापं घेतो. तो मान हलवतो आणि हिंदीतून पुढचा प्रश्न विचारतो.

मापं काकांनीही घेतली होती, आणि इथेच सगळी गोष्ट आहे. काका निष्काळजी नव्हते. ते बेफिकीर असते तर मला सगळं सोपं गेलं असतं. भंगाराच्या लिलावात घेतलेलं जुनं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, त्यांनी स्वतः साफ करून ठेवलं होतं. रुळांवर आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: धातू उन्हानं वाढतो. रुळांत फट ठेवायची ती थंडीच्या सकाळी बघून नव्हे, कडक दुपार मनात धरून. म्हणून काकांनी मुद्दाम जेठ महिन्यातला सर्वांत तापलेला दिवस निवडला. लू, म्हणजे उन्हाळी वाऱ्याची झळ, सुटली होती. लखनौकडे ती वाहायला लागली की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात. अशा भर दुपारी डोक्यावर ओला गमछा टाकून ते शेतात तिपाई लावून उभे राहिले. मी पट्टी धरायला होतो. तारेची उंची त्यांनी पुन्हा पुन्हा काढली, आकडा लिहिला, खाली सही केली. मजला चढवल्यावरही नियमानं जेवढं अंतर लागतं त्याच्यापेक्षा हातभर जास्तच राहत होतं. "याच्याहून खाली तार येऊ शकत नाही," ते म्हणाले. "याच्याहून गरम दिवस लखनौत नाही."

रुळांसाठी ते शंभर टक्के खरं होतं. रूळ तापतो तो बाहेरून, उन्हानं. तार तापते ती आतून, तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहानं. त्या दुपारी गावांकडची वीज वेळापत्रकानुसार बंद होती, शेतं रिकामी होती, लाइन जवळजवळ बिनओझ्याची होती. शिवाय ती लू, जी आम्हाला भाजत होती, तारेला वारा घालत होती. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते पाऊस पडून गेल्यावर, भाताची लावणी सुरू झाल्यावर.

सावनात तिकडे संध्याकाळी वारा पडतो. हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर बसते. गावांना वीज सोडली की चहूकडचे पंप एकदम सुरू होतात आणि लांबलांबून त्यांचा घुमारा ऐकू येतो. मी अंगणात एका ठरलेल्या फरशीवर उभा राहून हातपाय धूत असे. तिथून समोरच्या शेतातल्या निलगिरीची एक आडवी फांदी दिसायची आणि तिच्या बरीच वर आपली तार. एका संध्याकाळी मी मान वर केली तर तार फांदीच्या खाली होती. मी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा फांदीच्या वर. संध्याकाळी पंप सुरू झाल्यावर पुन्हा खाली. मी रोज बघू लागलो. मला त्याचं एक प्रकारचं वेड लागलं. ती तार संध्याकाळी हळूहळू, डोळ्याला न दिसता, आमच्या घराकडे उतरत होती आणि लोक जेवून झोपल्यावर परत वर जात होती. जवळच, लाइनच्या अगदी खाली एक कोवळं पण उंच गेलेलं निलगिरीचं झाड होतं. त्याचा फक्त शेंडा तांबूस होऊन करपला. बाकी झाड हिरवंगार. तारेनं त्याला कधी स्पर्श केला नव्हता, नुसतं जवळ येणंच पुरलं होतं.

मी काकांना सांगितलं. जेवताना सांगितलं, कारण ते शांत असायचे ते तेव्हाच.

"झाड वाढलं असंल," काका म्हणाले.

"सकाळी परत लहान होतं काय काका?"

काकू हसल्या. काकाही हसले, पण थोडं उशिरा.

मग मी त्यांना नीट समजावायचा प्रयत्न केला. पंपाच्या मोटारीला फिरायला आत चुंबकाचं क्षेत्र लागतं. विजेची दिशा सेकंदाला पन्नास फेऱ्यांनी उलटसुलट होते, आणि प्रत्येक फेरीत ते क्षेत्र उभं राहतं नि मोडतं. उभं राहताना मोटार तारेतून ऊर्जा उसनी ओढते, मोडताना परत ढकलते. त्यातून पाणी एक थेंब उपसलं जात नाही. पण त्या जाण्यायेण्याचा प्रवाह तारेतूनच होतो, आणि तार त्या प्रवाहानंही तितकीच तापते. "तुमच्या ट्रॉलीसारखं आहे," मी म्हणालो. काका सगळी नोकरीभर ढकलट्रॉलीवर बसून रूळ तपासत हिंडले होते. "ट्रॉलीमननं ती नुसती पुढं ढकलली आणि तितकीच मागं आणली, तर गाव एकही येणार नाही. पण त्याचा घाम तेवढाच निघंल ना?"

"आमच्या आफिसात असे लय होते," काका म्हणाले. "घामच घाम. गाव एकही नाही."

सगळे हसले आणि विषय संपला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. एकदा फक्त संध्याकाळी दुर्बीण लावून बघा, एवढंच माझं मागणं होतं. आता काकांचा चेहरा बदलला. तेव्हा मला कळलं नाही, पुढे मी स्वतः साइटवर काम करू लागलो तेव्हा कळलं, की मी त्यांच्याकडे काय मागत होतो. त्यांच्या खात्यात ज्यानं माप घेतलं त्यानं सही केली, आणि त्या सहीवरून गाड्या सुटल्या. सही झालेलं माप परत घ्या म्हणणं म्हणजे माणसाला खोटा म्हणणं. "मारोती," ते म्हणाले, "माझ्या मापावरून मेल गाड्या गेल्या. एक डबा घसरला नाही. तुले तीन पुस्तकं वाचून तार वरखाली होताना दिसते, चांगलं आहे. पेपरात लिही." सुट्टीवर आलेल्या विवेकनं मला बाहेर नेऊन खांद्यावर हात ठेवला. "यार, पापा ने नाप लिया है। तू क्यों टेंशन ले रहा है? शादी का घर है, मूड मत ख़राब कर।"

काम सुरू झालं. रामसजीवन मिस्त्री बाराबंकीकडचा, बोलका आणि कामात चपळ. खालच्या छतावर खांबांच्या सळया उभ्या राहू लागल्या. लोक तिकडे वरच्या मजल्यासाठी सळया सोडून ठेवतात, तशा त्या नव्या मजल्याच्या छताच्याही वर पुरुषभर ठेवायच्या, हे काकांनी ठरवलं होतं. पुढेमागे आणखी एक मजला झाला तर. शिवाय काकूंना सर्वांत उंच सळईला दृष्ट लागू नये म्हणून काळी हंडी टांगायची होती. लखनौत प्रत्येक नव्या घरावर ती दिसते, आणि आलमबागच्या तिवारीणबाईंनी आठवण करून दिली होती. माझ्या डोक्यातला हिशेब दर सळईबरोबर लहान होत होता. काकांचं हातभर जास्तीचं अंतर संध्याकाळच्या तारेनं केव्हाच खाल्लं होतं, आणि वर हे लोखंड.

एका ढगाळ संध्याकाळी रामसजीवननं सळई उभी केली आणि पटकन हात काढला. पोत्याचा तुकडा हाताला गुंडाळून त्यानं पुन्हा धरली. "साहब, सरिया मा करंट उतरत है।"

"नीचे बाँध दो," काका खालून म्हणाले. "ज़मीन में तार डाल दो। कपड़े वाली तार का भी यही किया था।"

"झुनझुनी है साहब, बस। कौनो बात नहीं," रामसजीवन हसून म्हणाला आणि कामाला लागला. त्याच्या डोक्यावर तार होती. मी अंगणातल्या फरशीवर उभा होतो आणि तार फांदीच्या खाली होती. त्याच्या हातातली पुढची सळई आडवी होती. ती तो आता उभी करणार होता. मी ओरडलो नाही. वर गेलो, सळईचं दुसरं टोक धरलं आणि म्हणालो, "भैया, आज अँधेरा हो रहा है। कल सुबह लगाना।" तो सळई ठेवून खाली उतरला. पण सकाळी तो येणारच होता, आणि त्यानंतर संध्याकाळही होणारच होती. छतावर लेंटर, म्हणजे स्लॅब, पडायचा तो दिवस तर सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालतो. मजुरांची रांग, घमेली, वर काका स्वतः उभे.

बाजारातल्या एसटीडी बूथवरून मी वरोऱ्याला शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि वडिलांना बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "साहेबांच्या बोलण्यावर बोलायचं नाही, बाबू. आपण त्यांचं मीठ खाल्लं." मीटर पळत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "पण तार खरंच खाली येते काय?"

"येते, बाबा."

"मग मी काय सांगू," ते म्हणाले आणि फोन शेजाऱ्याच्या हातात दिला.

मी विजेच्या उपविभागाच्या कचेरीत गेलो. तिथला कनिष्ठ अभियंता तरुण होता, थकलेला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, नाव-पत्ता सांगा, तक्रार कुणाची आणि कुठल्या घराविरुद्ध. मी दोन्ही ठिकाणी एकच पत्ता सांगितला. त्यानं पेन थांबवलं. "अपने ही घर की शिकायत?"

"चाचाजी का घर है।"

"सगे चाचा?"

"सगे से ज़्यादा," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

दोन माणसं आली, त्यांनी काम बंद करवलं आणि भिंतीला नोटीस चिकटवून गेली. त्या संध्याकाळी भाकऱ्या होत्या आणि वांग्याची भाजी. काका नेहमीसारखे बसले. त्यांनी पहिला घास घेण्याआधी विचारलं, "कोणी सांगितलं असंल?" ते काकूंना विचारत होते, शेजाऱ्यांपैकी कुणी असेल या हिशेबानं. मी म्हणालो, "मी सांगितलं, काका." काकूंनी भाजीचा डाव परत पातेल्यात ठेवला. मी ताटावरून उठू लागलो तर काका म्हणाले, "बस. जेवून घे. माझ्या घरी कोणी ताटावरून उठत नाही." मग आम्ही तिघं जेवलो. वर तार तडतडत होती. ते मला एकही अपशब्द बोलले नाहीत, त्यांनी जा म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं, एवढंच. आठवड्याभरात मीच ट्रंक घेऊन आलमबागला एका मित्राच्या खोलीवर गेलो. काकूंनी दारात तिखटाची पुडी हातात ठेवली. त्यांना माझा राग आला होता की नाही, हे मी त्यांच्या तोंडावरून वाचू शकलो नाही.

थोड्याच दिवसांत विवेक दिल्लीहून आला आणि कॉलेजच्या फाटकाशी मला भेटला. तो भांडायला आला नव्हता. "बात हो गई है," तो म्हणाला. कचेरीत कुणी ओळखीचा निघाला होता, नोटीस मागे घेतली जाणार होती. "जन्माष्टमी के बाद लेंटर पड़ेगा। मम्मी ने कहा तुझे बता दूँ।" मग जाता जाता थांबून म्हणाला, "एक बात बता। तूने सच में देखा था, या पढ़ा था?" मी म्हणालो, बघितलं, रोज बघितलं. तो मान हलवून निघून गेला. त्याच संध्याकाळी मी काकांना पत्र लिहिलं.

मला उत्तर आलं नाही. पुढे काय झालं ते काकूंनी मला खूप नंतर सांगितलं, काका गेल्यावर. पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी पंप सुरू झाल्यावर काकांनी पेटीतून दुर्बीण काढली. काकूंना वाटलं, ते ती कुणाला तरी देणार आहेत. ते शेतात जाऊन उभे राहिले. पुन्हा पुन्हा डोळा लावला. अंधार पडू लागल्यावर आत आले, पाणी मागितलं आणि जेवायला बसले नाहीत. सकाळी रामसजीवनला बोलावून त्यांनी वरच्या सगळ्या सळया खालच्या छताच्या बरोबरीनं कापून टाकायला लावल्या. कारण कुणालाच सांगितलं नाही. विवेकला सांगितलं की आता या वयात बांधकामाची दगदग नको. तो लग्न करून दिल्लीलाच राहिला. काकूंची नातवंडं सुट्टीत यायची आणि उन्हाळ्यात उकडतं म्हणून लवकर परत जायची. माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी काका स्वतः आशीर्वाद द्यायला आले, नंतरही किती वेळा भेटलो, रेल्वेपासून राजकारणापर्यंत सगळं बोललो. तारेबद्दल कधी नाही. न झालेल्या अपघाताला साक्षीदार नसतो. ते घर तसंच बांधलं असतं आणि काहीही झालं नसतं, असंही होऊ शकलं असतं. आणि त्या घरात मग एक सून वावरली असती. हे मी स्वतःला अनेकदा सांगून बघितलं आहे. अजूनही बख्शी का तालाबवरून जाताना मी वर बघतो. त्या लाइनखाली आता घरंच घरं आहेत, आणि बऱ्याच छतांवर सळया उभ्या आहेत. मी गाडी थांबवून लोकांना सांगतो. काही ऐकतात. काही म्हणतात, बाबूजी, आम्ही मापून घेतलंय. मी विचारतो, कधी मापलं?

पत्र काकूंनी मला परत दिलं. ते असं होतं:

तीर्थरूप काकांस,

मारोतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

विवेकनं सांगितलं की जन्माष्टमीनंतर लेंटर आहे. मी कचेरीत गेलो त्याची माफी मागण्यासाठी हे पत्र नाही. तुम्हाला दुखवलं त्याची माफी मागतो, गेलो त्याची मागता येत नाही. तुम्ही मला वरोऱ्याहून आणलं नसतं तर तार का तापते हे मला कळलंच नसतं. जे कळलं ते तुमच्यामुळे कळलं, आणि ते तुम्हालाच सांगायचं नाही, हे मला जमलं नाही.

तुमचं माप चुकलेलं नाही. मी पट्टी धरली होती, मला माहीत आहे. त्या दुपारी तार तिथेच होती. पण ती दुपार तारेसाठी थंड होती. तिची गरम वेळ संध्याकाळची आहे, वारा पडलेला असताना, आजूबाजूचे सगळे पंप सुरू असताना. माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या पुस्तकांवर आणि निलगिरीच्या झाडावरही ठेवू नका. फक्त एकदा, पंप सुरू झाल्यावर तासाभरानं, दुर्बीण त्याच जागी लावा आणि स्वतःच्या डोळ्यानं बघा. तुमचा डोळा खोटं बोलत नाही, हे माझ्या बाबांनी मला लहानपणापासून सांगितलं आहे.

तार दुपारच्या जागीच दिसली तर मी चुकलो. तसं झालं तर मला जेवढा आनंद होईल तेवढा दुसऱ्या कुणाला होणार नाही. कुणाच्या हाती नुसता निरोप पाठवा. लेंटरच्या दिवशी मी पहाटेच येईन आणि दिवसभर घमेली उचलीन.

काकूंना नमस्कार. तिखट पुरतं आहे.

तुमचा,
मारोती